झील धरणाऱ्या बायकांचं तिकीट आधी काढा

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात आमचा तालवाद्य आणि गायनाचा गट आहे. कोलंबियातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचं कुरुलाओ आणि बुयेरेंगे ऐकून आम्ही भारावून गेलो आहोत. हे आम्ही रंगमंचावर करू शकतो का? मोठ्या श्रोत्यांपुढे नेलं की त्याचं मूळपण जातं का? तिकडच्या लोकांनी ते कसं टिकवलं? आणि पुढच्या वर्षी तिकडचा गट बोलवायचा झाला तर पैसे पाच जणांपुरतेच आहेत. कोणाला बोलवावं?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

पाच तिकिटं म्हटली की आयोजकाचा हिशोब ठरलेला असतो. एक मुख्य गायिका, एक मारिंबावाला (मारिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोकून वाजवायचं वाद्य), तीन ढोलवाले. मागे उभ्या राहून झील धरणाऱ्या तीन-चार बायका पहिल्या झटक्यात गळतात. ढोलवालेच मधूनमधून ओळ म्हणतील, नाहीतर इथल्याच दोन मुलींना शिकवू, असं धरून चालतात. मी स्वतः बरीच वर्षं या गाण्यांत झीलच धरते आहे. दौऱ्यांची कागदपत्रं आणि मंचावरची मांडणीही बघते. त्यामुळे माझं म्हणणं एकतर्फी वाटलं तर वाटो. मारिंबा कमी करा, एक ढोल कमी करा, पण झीलकरणींना हात लावू नका. गायिका, दोन झीलकरणी आणि दोन ढोलवाले एवढ्यांत हे संगीत पूर्ण उभं राहतं. मारिंबाशिवाय गाणी होतात आणि तिकडे शेकड्यांनी होतात. झीलेशिवाय होत नाहीत.

हे नीट कळायला आधी तुम्ही एका दमात घेतलेली दोन नावं वेगळी करावी लागतील.

कोलंबियाला दोन समुद्र आहेत आणि दोन्ही किनाऱ्यांवर आफ्रिकी वंशाचे लोक आहेत, पण त्यांची वाद्यं, ताल, प्रसंग सगळं निराळं. कॅरिबियन बाजूचं कार्ताहेना हे स्पॅनिश अमेरिकेतलं गुलामांच्या व्यापाराचं मुख्य बंदर. तिथून कित्येकांना आत, पॅसिफिककडे वाहणाऱ्या नद्यांवर सोनं काढायला नेलं. या पॅसिफिक बाजूच्या दक्षिण भागात, म्हणजे ब्वेनाबेंतुरा, तिंबिकी, ग्वापी, तुमाको या पट्ट्यात, कुरुलाओ आहे. तिथे चोंता नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पट्ट्यांची मारिंबा असते. खाली ग्वाद्वा बांबूच्या नळ्या लटकवलेल्या असतात, त्यातून आवाज घुमतो. जुन्या घरांत ती छताला टांगलेली असे. तिच्यावर बहुधा दोघं बसतात, एक खर्जाची बाजू सांभाळतो आणि दुसरा वरच्या पट्ट्यांवर खेळतो. सोबत दोन बोंबो म्हणजे मोठे ढोल, दोन कुनुनो म्हणजे हाताने वाजवायचे ढोल (दोन्हींत एक नर, एक मादी मानतात) आणि बायकांच्या हातात ग्वासा, बिया भरलेला बांबूचा खुळखुळा.

त्याच किनाऱ्यावर वर चोको प्रांतात गेलात तर मारिंबा नाहीच. तिथे चिरिमिया: क्लॅरिनेट, बोंबार्दिनो नावाचा जाड आवाजाचा पितळी भोंगा, ताशासारखा रेदोब्लांते, झांजा. आणि काउका नदीच्या खोऱ्यात काळ्या शेतकऱ्यांची व्हायोलिनं आहेत. मळेवाल्यांची व्हायोलिनं पाहून गुलामांनी बांबूची बनवली. तिथली येशुजन्माची गाणी फेब्रुवारीत होतात. डिसेंबरात मालकांच्या घरचा सण राबून साजरा करायचा असे, म्हणून स्वतःचा सण पुढे ढकलला, तो आजतागायत तिथेच आहे.

बुयेरेंगे पार दुसऱ्या समुद्राचं. त्यात सूर धरणारं वाद्यच नाही. 'अलेग्रे' म्हणतात तो बोलका ढोल, 'यामादोर' म्हणतात तो एकच ठेका न सोडता धरून ठेवणारा लहान ढोल, लाकडी पट्ट्या, टाळ्या. बाकी सगळा सूर बायकांच्या गळ्यात. त्याचे तीन प्रकार: संथ ते 'सेंताओ', द्रुत ते 'चालुपा', आणि 'फांदांगो'. गायिका बहुतेक वयस्कर, साठीच्या पुढच्या.

म्हणून कोणी "कुरुलाओ-बुयेरेंगे असं मिश्रण बसवलंय" म्हणालं की मी विचारते, कशाला? एक तरी धड येऊ दे.

दोन्हीत समान आहे ती झील. मुख्य गायिका एक-दोन ओळी टाकते, बायका ठरलेली ओळ परत देतात. गायिकेची ओळ दरवेळी बदलते. आधी आजीकडून आलेलं कडवं, मग समोर नाचणाऱ्यावर जुळवलेलं, मग काल नदीवर काय झालं त्यावर. झीलेचे शब्द बदलत नाहीत, सूर मात्र सारखे बदलत राहतात. एक बाई खालून येते, एक वरून, तिसरी दोघींच्या मधल्या फटीतून. कोणी कोणाला आधी सांगितलेलं नसतं. कुरुलाओत ग्वासाही त्यांच्याच हातात असल्यामुळे तालाचं बारीक काम त्याच करतात. कुरुलाओचं आवर्तन सहाचं, पण एका कानाला ते दोन-दोन-दोन लागतं आणि दुसऱ्याला तीन-तीन. आपल्या सवयीने आपण जिथे सम शोधतो तिथे बोंबोचा जड ठोका पडत नाही. अशा वेळी मारिंबावाल्याने भरपूर भटकून यावं, कुनुनोवाल्याने उड्या माराव्यात, हे ग्वासाच्या सळसळीवर उभं असतं.

आणि शिकणंही तिथेच होतं. काली शहरात मी ज्या वयस्कर बाईंकडे बसायचे त्यांनी मला एकही गाणं 'शिकवलं' नाही. त्यांनी माझा हात आपल्या बरगडीवर ठेवून घेतला, म्हणजे श्वास कधी घेतात ते मला कळावं. गायिकेची ओळ संपण्याच्या किंचित आधी बरगडी फुगायची. झील ओळ संपल्यावर सुरू होत नाही. शेवटच्या अक्षरावर चढून येते. ध्वनिमुद्रण ऐकून हे कधी कळलं नसतं, कारण ध्वनिमुद्रणात बरगडी नसते. मुली अशा कित्येक वर्षं झीलेत उभ्या राहतात. एखाद्या रात्री मोठ्या बाईचा आवाज बसतो आणि मागून कोणीतरी पुढची ओळ उचलते. नवी गायिका तयार होते ती अशी. मंचावर झील छाटली की पुढची गायिका तयार होण्याची जागा छाटली जाते.

आता टिकवण्याचं.

हे संगीत संस्थांनी टिकवलं असं म्हणायची पद्धत आहे. ते अर्धं खरं आहे. २०१० मध्ये युनेस्कोने दक्षिण पॅसिफिकचं मारिंबा-संगीत आणि पारंपरिक गायन मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. २०१५ मध्ये शेजारच्या इक्वादोरचा एस्मेराल्दास प्रांत त्यात जोडला गेला. ते योग्यच झालं, संगीताला देशाची सीमा ठाऊक नव्हती. कॅरिबियनकडे पालेंके दे सान बासिलियो हे पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेलं गाव, तिथली स्वतंत्र भाषा आणि मृत्युगीतं, यांचा सन्मान त्याआधी २००५ मध्ये झाला होता. चोकोतल्या किब्दोचा सान पाचो या संताचा उत्सव २०१२ मध्ये यादीत आला. या शिक्क्यांमुळे सरकारला पैसे द्यायला कारण मिळतं आणि गावातल्या पोरांना आपल्या आजीच्या गाण्याची लाज वाटेनाशी होते. दुसरा फायदा मला मोठा वाटतो. पण यादीत नाव गेलं म्हणून नदीकाठचं कुणी आरुयो, म्हणजे संतांची गाणी, म्हणायला बसत नाही. ते बसतात कारण संताचा दिवस आलेला असतो. ग्वापीत ७ डिसेंबरला दिव्यांनी सजवलेले तराफे नदीतून येतात आणि त्यांच्यावर बायका गात असतात. तो दिवस आहे तोवर ती गाणी आहेत. खाणीमुळे नदी गढूळ झाली, बंदूकवाले आले, माणसं उठून शहरात गेली, तर गाण्याचं काय होतं हा खरा प्रश्न. १९९३ च्या सत्तराव्या क्रमांकाच्या कायद्याने काळ्या समाजाला नदीकाठच्या जमिनीवर सामुदायिक मालकी मिळाली, तो कायदा माझ्या लेखी संगीताच्या कुठल्याही योजनेपेक्षा मोठा आहे.

माणसं उठून गेली ती मुख्यतः कालीला. म्हणूनच पेत्रोनियो आल्वारेस महोत्सव तिथे होतो. १९९७ पासून, दर वर्षी, बहुधा ऑगस्टात. ज्याचं नाव दिलंय तो ब्वेनाबेंतुराचा, रेल्वेत इंजिन चालवणारा संगीतकार. महोत्सवाला प्रवेश फुकट. मारिंबा, चिरिमिया, काउकाची व्हायोलिनं आणि मुक्त शैली अशा गटांत स्पर्धा. किनाऱ्यावरच्या गावांत आधी चाचण्या होतात, निवडलेले गट कालीला येतात. आवारात उसाची विचे दारू, खेकडे, माशाचे रस्से, केसांच्या वेण्या घालणाऱ्या बायका. आधी उघड्या नाट्यगृहात, मग बैलझुंजीच्या मैदानात, मग फुटबॉलच्या स्टेडियमवर, असा तो फुगत गेला. कालीच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत जन्मलेली, नदी न पाहिलेली पोरं आज कुनुनो वाजवतात, त्यात या महोत्सवाचा वाटा नाकारता येत नाही.

पण स्पर्धेने काय केलं तेही सांगायला हवं. मंचावर मोजकी मिनिटं मिळतात. अंगणात जे गाणं पाऊण तास चाले, ज्यात पहिली दहा मिनिटं नुसती सगळ्यांचे श्वास जुळण्यात जात, ते आता तयार होऊनच सुरू होतं. लय वाढली. कडवी आधीच पाठ केलेली, उत्स्फूर्त काही नाही, कारण चूक झाली तर गुण जातात. सगळ्यांचे कपडे एका रंगाचे. परीक्षकांना आवडतं म्हणून मारिंबावर लांबलचक तान, आणि बायका तोवर हसऱ्या चेहऱ्याने ग्वासा हलवत उभ्या. जाणते लोक तिकडे याबद्दल उघड कुरकुरतात, आणि तरी दर वर्षी जातात. मीही जाते. रात्री मंच बंद झाल्यावर बाहेर पदपथावर दोन-तीन गटांची माणसं एकत्र बसतात तेव्हा जे ऐकायला मिळतं, त्यासाठी.

मोठ्या श्रोत्यांपुढे नेणं आजचं नाही. पन्नासच्या दशकात देलिया सापाता ओलिबेया आणि तिचा भाऊ, लेखक मानुएल, यांनी सान हासिंतोच्या गायता (लांब बासरी) वाजवणाऱ्यांसकट खेड्यातले कलाकार घेऊन युरोप आणि चीनपर्यंत दौरे केले. देलिया नर्तिका होती, पण गावात जाऊन राहायची, नाच कशासाठी आहे ते विचारायची आणि मग मंचाची चौकट आखायची. तिच्यानंतर सगळ्यात दूर गेली ती गायिका तोतो ला मोम्पोसिना. १९८२ मध्ये गाब्रिएल गार्सिया मार्केसला नोबेल मिळालं तेव्हा स्टॉकहोमला गायला गेलेल्या ताफ्यात ती होती. १९९३ मध्ये इंग्लंडच्या रिअल वर्ल्ड कंपनीने तिचा 'ला कांदेला बीबा' हा संग्रह काढला आणि जगभर हे ढोल ऐकू गेले. तोतोने पॅरिसमध्ये शिक्षण घेतलं, रस्त्यावर गायली. पण तिच्या मागे ढोलावर पालेंकेचा पाउलिनो सालगादो 'बाताता' होता. गावचा माणूस, त्याला अंत्यविधीचे ढोल वाजवायचा वारसा. पुढे कितीही दिवे असोत, मागे त्या मातीतलं कोणीतरी बसलेलं होतं, हे तिच्या संगीतात ऐकू येतं.

जाता जाता एक गंमत. तोतोच्या त्याच संग्रहातल्या 'कुरुरा'मधला गायतेचा तुकडा उचलून २००३ मध्ये अमेरिकेत टिंबालँड आणि मागू यांनी एक गाणं केलं. गायला भारतीय वंशाची राजे श्वरी. गाण्याचं नाव 'इंडियन फ्लूट'. आपल्याकडे कितीजण त्या बासरीला आपली समजून नाचले असतील देव जाणे. गायता ही कोलंबियाच्या आदिवासींची. संगीत 'पोचतं' तेव्हा नाव-गाव कसं वाटेत सांडतं त्याचा हा बऱ्यापैकी निरुपद्रवी नमुना.

तोतोची वाट एक, पेत्रोना मार्तिनेसची दुसरी. बोलीवार प्रांतात १९३९ मध्ये जन्मलेली पेत्रोना कित्येक वर्षं ओढ्यातली वाळू काढून पोट भरायची. गाणं आजीकडून आलेलं, मंच फार उशिरा आला. तिच्या गटात घरचीच माणसं. ती जगभर फिरली, पण बुयेरेंगेची मांडणी जवळजवळ अंगणातलीच ठेवली: ढोल, टाळ्या, झील. २०२१ मध्ये तिच्या 'आन्सेस्त्रास' संग्रहाला लॅटिन ग्रॅमी मिळालं. त्यात पेरूची सुसाना बाका, बेनिनची आंजेलिक किजो अशा काळ्या गायिका तिच्यासोबत आहेत. ऐका, पाहुण्या गायिका बहुतेक ठिकाणी तिच्या चालीत येतात, ती त्यांच्या चालीत जात नाही. 'फ्यूजन' कसं करावं असं मला विचारलं तर मी हाच एक निकष सांगेन.

इतर प्रयोगांबद्दल फार बोलत नाही. एरेन्सिया दे तिंबिकी या गटाने मारिंबाशेजारी गिटार, बास आणि पितळी वाद्यं आणली आणि २०१३ मध्ये चिलीच्या बीन्या देल मार महोत्सवात बक्षीस मिळवलं. चोकिबटाउन या गटाने रॅपमधून चोकोचं नाव घरोघरी नेलं. चांगली गाणी आहेत. लग्नात लावतात, आम्हीही नाचतो. ते परंपरेचं जतन आहे असा दावा त्यांच्यातलं कोणी शहाणं माणूस करत नाही. तिंबिकीचीच निदिया गोंगोरा मात्र दोन्हीकडे वावरते. इंग्रज संगीतकार क्वांटिकबरोबर संगणकी ठेक्यांवर गाते आणि आपल्या कानालोन गटात झीलकरणींसकट जुनं गाते. दोन दुकानं वेगळी ठेवली आहेत, हे तिचं शहाणपण.

सुरांचा मामला मात्र गंभीर आहे. जुन्या मारिंबांच्या पट्ट्या पियानोच्या सुरांत नसतात. कित्येक मारिंबांत सप्तकातली सात अंतरं जवळजवळ सारखी असतात, आणि प्रत्येक कारागिराची आपली खूण असते. ग्वापीच्या नदीवरचे ग्वालाहो, मारिंबा बनवणाऱ्या घराण्यातले, २०१८ मध्ये वारले. त्यांच्या हातची जुन्या सुरांची मारिंबा ऐकली की बाईचा आवाज तिच्यात कसा विरघळतो ते कळतं. आता बहुतेक ठिकाणी पियानोच्या सुरांत लावलेली मारिंबा वापरतात, कारण बास आणि सॅक्सोफोनबरोबर वाजवायचं असतं. आपल्याकडे हार्मोनियमने गळ्याचं काय केलं यावर शंभर वर्षं भांडण चाललंय, तेच इथे. माझं मत: सोबत पाश्चात्त्य वाद्य नसेल तर जुन्या सुरांचीच मारिंबा मागा. आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बिचारा तालमीत सुरमापक लावून "हे वाद्य बेसूर आहे" म्हणतो. मी हे एका मोठ्या नाट्यगृहात अनुभवलंय. त्याने गायिकेच्या आवाजावर सूर 'दुरुस्त' करणारं यंत्र लावलं होतं. ती पहिली ओळ म्हणाली, थांबली आणि आवाज कुठून येतोय म्हणून मागे वळून बघू लागली.

मंचाबद्दल आणखी थोडं. झीलकरणींना प्रत्येकी वेगळा माइक देऊ नका. दिला की प्रत्येक जण आपापल्या माइकशी गाते आणि त्यांचं एकमेकींत मिसळणं मरतं. समोर एक-दोन मोठ्या पट्ट्याचे माइक, बायका अर्धगोलात, खांद्याला खांदा, आणि गायिका त्यांच्यापासून हातभर अंतरावर. ढोल त्यांच्या पाठीशी नकोत. बाजूला, तिरपे, असे की नाचणाऱ्याचे पाय ढोलवाल्याला दिसले पाहिजेत. बुयेरेंगेत अलेग्रे वाजवणारा श्रोत्यांसाठी वाजवत नसतो, नाचणारीसाठी वाजवत असतो. तिने हात पोटावर आणला, खांदा फिरवला, की त्याचं उत्तर चामड्यावर येतं. ग्वासाला वेगळा माइक लागत नाही, तो सगळीकडून शिरतोच. श्रोत्यांना खुर्च्यांत खिळवून ठेवायचं असेल तर निदान पुढच्या दोन रांगा काढून टाका. आणि एका गाण्याला बारा-पंधरा मिनिटं द्या. "तीन मिनिटांत उरका, लोक कंटाळतील" असं सांगणाऱ्या निवेदकाला चहा प्यायला पाठवा.

आता काय गायचं नाही. अलाबाओ ही मृतासाठीची गाणी. वाद्य नाही, नुसते गळे. नऊ रात्री जागतात आणि शेवटच्या रात्री घरात मांडलेली वेदी उतरवतात तेव्हा आत्मा निघाला असं मानतात. लहान मूल गेलं तर वेगळा विधी: दक्षिणेत 'चिग्वालो', चोकोत 'ग्वाली'. त्यात रडण्याऐवजी गाणी-खेळ असतात, कारण मूल थेट देवाकडे जातं अशी श्रद्धा. बऱ्याच वयस्कर बायका मयत नसताना अलाबाओ म्हणायला राजी नसतात. मृत्यूला उगाच हाक मारू नये. त्याच वेळी चोकोतल्या बोहायाचं उदाहरण आहे. २ मे २००२ रोजी लढाई चालू असताना चर्चमध्ये आसरा घेतलेल्या लोकांवर फार्कच्या बंडखोरांचा गॅस सिलिंडरचा बॉम्ब पडला. जवळच्या पोगे गावच्या गायिकांनी त्यानंतर जुन्या चालींवर त्या घटनेचे, विस्थापनाचे नवे अलाबाओ रचले. २६ सप्टेंबर २०१६ ला कार्ताहेनात सरकार आणि फार्क यांच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा त्या जगासमोर गायल्या. आणि २०१९ मध्ये ओळख पटवलेले अवशेष अखेर गावात आले तेव्हाही त्याच गायल्या. म्हणजे मंचावर अलाबाओ जाऊ शकतो, पण कोणाचे मेलेत आणि कोण गातंय हे ठरलेलं असतं. पुण्याच्या नाट्यगृहात शनिवारी संध्याकाळी, तिकीट लावून, तुम्ही तो गाऊ नये. ऐकायला आवडतो ना? ऐका.

बाकी कुरुलाओ, त्याच किनाऱ्यावरची हुगा, बुयेरेंगे, चालुपा तुम्ही जरूर करा. अशी गाणी परक्याने म्हटली म्हणून कोणी रागावल्याचं मला आठवत नाही. नाव न घेता म्हटली की मात्र रागावतात. 'पारंपरिक' असा शिक्का मारून ज्या गाण्यांचं मानधन कोणालाच जात नाही, त्यातल्या कित्येकांच्या रचनाकार बाया परवापरवापर्यंत हयात होत्या. तुम्ही गाणं कोणाच्या ध्वनिमुद्रणावरून उचललं, ती कुठल्या गावची, तिला कोणाकडून आलं, हे कार्यक्रमपत्रिकेत लिहा आणि मंचावर मोठ्याने सांगा. तिच्या गटाला पत्र लिहा. मानधनाचा काही भाग पाठवता आला तर उत्तम. गटाचं ध्वनिमुद्रण तुम्ही करणार असाल तर पूर्ण लांबीचं करा, न कापता, आणि प्रत गावच्या शाळेत ठेवायला द्या. संशोधकांच्या कपाटात युरोपभर पालेंकेचे आवाज पडून आहेत, गावात नाहीत.

शिकायचा क्रम: ढोल शेवटी. मला ठाऊक आहे, तालवादकांचा गट आहे, हात शिवशिवत असणार. तरी आधी सगळ्यांनी, पुरुषांनीसुद्धा, एकाच गाण्याची झील धरायला शिका. एक जण ओळी टाकेल, बाकीचे उत्तर देतील. शब्दांचा अर्थ माहीत असू द्या. मग टाळ्या, मग ग्वासा. ग्वासा तर तुम्ही घरीच करू शकाल: हातभर जाड बांबू, त्यात आडव्या-तिडव्या ठोकलेल्या लाकडी चुका आणि आत बिया. तिकडे अचिराच्या बिया घालतात. अचिरा म्हणजे आपली कर्दळ. काळे, टणक, गोल दाणे. पुण्यात कर्दळीला तोटा नाही. बिया पूर्ण वाळलेल्या हव्यात, नळीचा साधारण तिसरा भाग भरेल इतक्याच. जास्त भरल्या तर नुसता फसफस आवाज येतो. पोशाखाचं म्हणाल तर तुमचे रोजचे कपडे घाला. फुगीर घागरे, डोक्याला रुमाल आणि त्याहून वाईट म्हणजे चेहऱ्याला काळा रंग, यांतलं काही करू नका.

आणि गट बोलवायचा झालाच तर व्यवहाराच्या तीन गोष्टी, ज्या कोणी वेळेवर सांगत नाही. कोलंबियातून भारतात येणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि लस प्रवासाला निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. नाहीतर विमानतळावरून थेट विलगीकरणात. नदीवरच्या गावातून लस मिळणाऱ्या शहरात यायला त्यांना एक-दोन दिवस बोटीत जातात, म्हणून हे महिनाभर आधी बघा. दुसरं, जुन्या बोंबो-कुनुनोवर हरणाचं आणि ताताब्रा नावाच्या रानडुकरासारख्या प्राण्याचं कातडं असतं. ताताब्रा वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, सीमाशुल्कवाले ढोल अडवू शकतात. बकऱ्याच्या किंवा गाईच्या कातड्याचे ढोल आणायला सांगा, किंवा नुसती खोडं आणू द्या आणि चामडं इथे चढवून घ्या. तुमच्या ओळखीचा तबला-ढोलकी मढवणारा ते एका दुपारी करून देईल, फक्त शाई लावू नको म्हणावं. तिसरं, मारिंबा आलीच तर तिला वातानुकूलित खोलीत ठेवू नका. ती पावसाळी किनाऱ्याची आहे. कोरड्या गार हवेत बांबूच्या नळ्या तडकतात, आणि तशी नळी पुण्यात बदलून मिळणार नाही.